ग्रोथ हॉर्मोनच्या रिपोर्टमधला एकटा आकडा

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या भागांत पॅथॉलॉजी लॅबची कमतरता कधीच नव्हती. अलीकडे मात्र 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हॉर्मोनच्या तपासण्याही सर्रास जोडल्या जाऊ लागल्या आहेत. त्यामुळे ज्यांना कोणत्याही डॉक्टरांनी ग्रोथ हॉर्मोन तपासायला सांगितलेले नव्हते, अशा तिशी-चाळिशीतील माणसांच्या हातातही त्याचा रिपोर्ट येतो. मी बराच काळ एका प्रयोगशाळेच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम केले असल्याने नात्यातले, शेजारचे आणि त्यांच्या ओळखीचे लोक असे रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. परवा शेजारच्या वहिनींच्या भाच्याने पाठवलेल्या रिपोर्टात ग्रोथ हॉर्मोन ०.०६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते, शेजारी ठळक अक्षरात 'लो' असे छापलेले होते आणि खाली त्याचा प्रश्न होता, "मावशी, माझं हॉर्मोन संपलं का?"

संपलेले नव्हते. सकाळी नऊ वाजता, उपाशी पोटी, शांत बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन इतके कमी सापडणे हे अगदी स्वाभाविक आहे. त्याच्या रिपोर्टात दोष होता तो आकड्याचा नव्हे, तर त्या आकड्यासमोर 'लो' छापण्याचा. असे का म्हणायचे, हे नीट समजून घ्यायचे तर हे संप्रेरक रक्तात कसे येते आणि किती वेळ टिकते, तिथून सुरुवात करावी लागते.

ग्रोथ हॉर्मोन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागात तयार होणारे, १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ते रक्तात सतत झिरपत नाही. झटक्याझटक्याने सोडले जाते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग एका संप्रेरकाने पिट्युटरीला चालना देतो आणि सोमॅटोस्टॅटिन नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाने तिला आवर घालतो, आणि या दोहोंच्या चढाओढीतून दिवसभरात काही लाटा उठतात. त्यांतील सर्वांत मोठी लाट बहुतेकांमध्ये रात्री झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात येते. शिवाय रक्तात सोडलेल्या ग्रोथ हॉर्मोनचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा वेळ, अवघे वीस मिनिटांच्या आसपास असल्याने प्रत्येक लाट तासा-दोन तासांत ओसरते. तरुण माणसात लाटेच्या शिखरावर हा आकडा १० नॅनोग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो आणि दोन लाटांच्या मध्ये तोच आकडा जुन्या पद्धतीच्या यंत्राला मोजताही येणार नाही इतका खाली असतो. म्हणजे एकाच माणसाचे, एकाच दिवशी, दोन तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एकमेकांच्या शंभरपट वेगळे असले तरी त्यात आजार शोधण्यासारखे काही नसते.

ज्या वस्तीत नळाला पहाटे तासभरच पाणी येते, तिथे दुपारी बारा वाजता तोटी उघडून या घराला पाणीपुरवठाच नाही असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. तो आधी टाकीत डोकावून पाहील. ग्रोथ हॉर्मोनचा एकटा नमुना ही दुपारची तोटी आहे. टाकीचे काम करणारी तपासणी वेगळी आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

लाटांच्या जोडीला इतर गोष्टीही हा आकडा वरखाली करतात. व्यायाम, मानसिक ताण, उपवास, रक्तातील साखर खाली जाणे आणि गाढ झोप यांनी ग्रोथ हॉर्मोन वाढते. साखर चढली की ते दबते. लठ्ठपणात, विशेषतः पोटावर चरबी असताना, ते मुळातच कमी स्रवते. वयाबरोबर तर ते सर्वांमध्येच उतरत जाते. स्त्रियांमध्ये, त्यातही तोंडावाटे इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, सहज घेतलेल्या नमुन्यातील आकडा पुरुषांपेक्षा बराच जास्त असू शकतो. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास धरून आलेल्या, सुईची धास्ती असलेल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत जिने चढून आलेल्या एखाद्या ताईंचा आकडा ९ आला तर तो आजाराचा पुरावा ठरत नाही. म्हणूनच नमुना देण्याआधी अर्धा तास तरी स्वस्थ बसवावे, असा आग्रह मी नोकरीत असताना धरत असे. सकाळच्या गर्दीच्या वेळी तो फारसा कोणाला आवडत नसे.

आता छापील मर्यादेविषयी. एका प्रयोगशाळेच्या रिपोर्टात पुरुषांसाठी १ नॅनोग्रॅमच्या आतली मर्यादा दिलेली असते, तर दुसरीच्या रिपोर्टात ०.४ ते १० अशी. दोन्ही छापणारे आपापल्या परीने बरोबर असू शकतात, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, मोजणीत वापरलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वेगळी आणि ज्यांच्यावर मर्यादा ठरवली ती माणसेही वेगळी. अडचण आहे ती खालच्या मर्यादेची. ज्या संप्रेरकाची पातळी निरोगी माणसात दिवसातला बराच वेळ जवळपास शून्य असते, त्याला ०.४ ही खालची मर्यादा छापली की संगणक त्याखालच्या प्रत्येक आकड्यासमोर आपोआप 'लो' लिहितो. वहिनींच्या भाच्याचे नेमके हेच झाले होते. प्रौढांमध्ये सहज घेतलेल्या नमुन्यातील कमी ग्रोथ हॉर्मोनवरून कमतरतेचे निदान करता येत नाही, आणि जास्त आकड्यावरून अतिस्रावाचेही करता येत नाही. या एका आकड्याचा थोडाफार उपयोग आहे तो नकार देण्यासाठी: सहज घेतलेल्या नमुन्यात ग्रोथ हॉर्मोन अगदी खाली असेल आणि त्याच्या प्रभावाने यकृतात तयार होणारा आयजीएफ-१ हा घटकही वयाच्या मानाने योग्य असेल, तर अतिस्रावाचा आजार असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

आयजीएफ-१ ही ती टाकी. ग्रोथ हॉर्मोन यकृतावर काम करते आणि यकृत इन्शुलिनशी साम्य असलेला हा वाढघटक तयार करून रक्तात सोडते. रक्तात तो बहुतांशी वाहक प्रथिनांशी बांधलेला असल्याने त्याचे अर्धायुष्य सुमारे अर्ध्या दिवसाचे असते. परिणामी त्याची पातळी दिवसभरात फारशी हलत नाही, आणि मागील काही काळात ग्रोथ हॉर्मोनचा एकूण स्राव किती झाला याचा अंदाज तिच्यावरून येतो. त्यासाठी उपाशी राहण्याची किंवा ठरावीक वेळी जाण्याची गरजही सहसा नसते. प्रौढांमध्ये शंका कमतरतेची असो वा अतिस्रावाची, बहुतेक वेळा पहिली तपासणी हीच असायला हवी. पॅकेजमध्ये मात्र ग्रोथ हॉर्मोन असते आणि आयजीएफ-१ नसते, याचे मला नवल वाटत आले आहे.

परंतु आयजीएफ-१चा आकडाही वय बाजूला ठेवून वाचता येत नाही. किशोरवयात तो सर्वांत वर असतो, विशीनंतर उतरू लागतो आणि सत्तरीपर्यंत तरुणपणीच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. ९० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हा आकडा बावीस वर्षांच्या मुलाचा असेल तर बहुतेक पद्धतींत तो खालच्या मर्यादेच्याही खाली पडतो. हाच आकडा त्याच्या सत्तर वर्षांच्या आजोबांचा असेल तर त्याकडे दुसऱ्यांदा बघण्याचे कारण नाही. म्हणून चांगल्या रिपोर्टात वयोगटानुसार मर्यादा दिलेली असते आणि काही ठिकाणी त्याच्या जोडीला प्रमाणित विचलनाचा गुणांकही देतात. तो उणे २ ते अधिक २ यांच्या दरम्यान असेल तर आकडा त्या वयाच्या माणसांत बसतो. 'प्रौढ' असे एकच लेबल लावून सगळ्यांना एकाच मर्यादेत कोंबणारा रिपोर्ट आला, तर त्याच प्रयोगशाळेकडे वयानुसार तक्ता मागावा. तो त्यांच्याकडे किटसोबत आलेला असतो.

आयजीएफ-१ कमी करणाऱ्या ज्या गोष्टींचा पिट्युटरीशी संबंध नाही, त्यांची यादी दुर्दैवाने मोठी आहे आणि आपल्याकडे तर त्या सर्वत्र आढळतात. ज्या यकृतात तो तयार होतो ते यकृतच सिरोसिसने खराब झाले असेल, तर ग्रोथ हॉर्मोन भरपूर असूनही आयजीएफ-१ खाली राहतो. कुपोषण, दीर्घ उपवास किंवा वजन उतरवण्यासाठी केलेली टोकाची उपासमार, आटोक्यात नसलेला टाइप १ मधुमेह, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा किंवा इतर कोणताही गंभीर दीर्घ आजार, आणि तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन, या प्रत्येकाने तो घटतो. गर्भारपणात तो वाढतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक, १८ इतके चढलेले असताना केलेल्या आयजीएफ-१ वरून ग्रोथ हॉर्मोनविषयी बोलण्यापेक्षा आधी थायरॉइडची गोळी सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे ठरते.

जास्त आकड्याच्या बाजूला मुख्य प्रश्न एकच असतो: ॲक्रोमेगॅली आहे की नाही. पिट्युटरीत एक छोटी, बहुतांश वेळा कर्करोग नसलेली गाठ होते आणि ती ग्रोथ हॉर्मोन अखंड सोडत राहते. वाढीचे वय उलटून गेलेले असल्याने उंची वाढत नाही. हातापायांचे पंजे रुंद होतात, जबडा पुढे येतो, नाक-ओठ जाड होतात, जीभ मोठी होते, घाम फार येतो, घोरणे वाढते, तळहाताला मुंग्या येतात, रक्तदाब आणि साखर चढते. पिअर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ साली या आजाराला त्याचे नाव दिले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षे जातात, कारण बदल इतके सावकाश होतात की रोज समोर असणाऱ्या घरच्यांना ते दिसत नाहीत; वीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीला दिसतात. काटोलकडच्या आमच्या एका दूरच्या आत्याबाईंना मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे वाढवून दिले जात होते, आणि लग्नातली अंगठी कापून काढावी लागली तेव्हा कुठे एका तरुण डॉक्टरांनी त्यांचे जुने फोटो मागवले. असे फोटो पाहणे ही कोणत्याही लॅबमध्ये न होणारी पण फार उपयोगी तपासणी आहे.

अशा माणसाचा आयजीएफ-१ वयाच्या मानाने स्पष्टपणे वर असेल आणि लक्षणेही असतील, तर निदान जवळजवळ झालेलेच असते. शंका उरली तर ग्लुकोज पाजून ग्रोथ हॉर्मोन मोजतात. उपाशी पोटी पहिला नमुना घेऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि पुढे दोन तास दर अर्ध्या तासाला नमुने घेतात. साखर चढली की निरोगी पिट्युटरी ग्रोथ हॉर्मोन दाबते. गाठ मात्र या आदेशाला जुमानत नाही. पाच नमुन्यांतील सर्वांत खालचा आकडा १ नॅनोग्रॅमच्या खाली गेला की दडपण योग्य झाले, असे पूर्वापार मानले जाते, आणि आजच्या अतिसंवेदनशील पद्धतींत ही रेषा ०.४ पर्यंत खाली आणलेली आहे. हा रिपोर्ट वाचताना लोकांची नजर नेहमी पहिल्या किंवा सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. इथे पाहायचा असतो तो सर्वांत छोटा. पहिला नमुना ६ आणि साठाव्या मिनिटाचा ०.२ असेल, तर तो ६ विसरून जावा.

साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेही रुग्णाला ही चाचणी करत नाहीत. आटोक्याबाहेरचा मधुमेह, यकृत व मूत्रपिंडाचे आजार, किशोरवय आणि गर्भारपण या अवस्थांत आजार नसतानाही ग्रोथ हॉर्मोन पुरेसे दबत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. एमआरआयची घाई करू नये, याचेही कारण आहे. पिट्युटरीत काही त्रास न देणारे बारीक ठिपके साधारण दहातल्या एका निरोगी माणसाच्या एमआरआयमध्ये सापडतात. रक्ताच्या तपासणीने आजार सिद्ध होण्याआधी असा ठिपका सापडला की त्या माणसाची झोप उडते आणि पुढच्या दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू होतात. आधी रक्त, मग एमआरआय, हा क्रम त्यासाठी आहे.

कमतरतेची बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण आपल्या विदर्भात तिची कारणे शेतात, रस्त्यावर आणि बाळंतिणीच्या खोलीत आहेत आणि ती ओळखली जात नाहीत. प्रौढपणी ग्रोथ हॉर्मोनची खरी कमतरता आपोआप, निरोगी माणसाला, नुसत्या वयामुळे होत नाही. पिट्युटरीला किंवा हायपोथॅलॅमसला काहीतरी इजा झालेली असावी लागते. तिथली गाठ, तिची शस्त्रक्रिया, डोक्याला दिलेले रेडिएशन ही पुस्तकातील नेहमीची कारणे झाली. डोक्याला जबर मार हे आणखी एक, आणि हेल्मेट न घालता दुचाकी चालवणाऱ्या आपल्या शहरात ते विसरून चालणार नाही. मात्र अपघातानंतर पहिल्या वर्षात पिट्युटरी काही अंशी सावरू शकते, म्हणून ग्रोथ हॉर्मोनची तपासणी साधारण वर्षभराने करतात.

बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटणे हे तिसरे कारण. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अशा बाईला बाळंतपणानंतर दूधच येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, अंगावरचे केस विरळ होतात, थंडी सोसत नाही, आणि घरचे 'बाळंतपणानंतर ती तशीच अशक्त राहिली' एवढ्यावर विषय मिटवतात. पिट्युटरीच्या संप्रेरकांपैकी ग्रोथ हॉर्मोन सर्वांत आधी जाणाऱ्यांत असते.

चौथे कारण परदेशी पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपते आणि इथे ते एका परिच्छेदाचे मोल राखते. घोणस चावल्यावर तिच्या विषाने रक्त गोठण्याची सारी यंत्रणा बिघडते, आणि त्यात मूत्रपिंडाबरोबर पिट्युटरीतही रक्तस्राव होऊ शकतो किंवा तिचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. भारत, म्यानमार आणि श्रीलंका या देशांतून असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. प्रतिविषाने जीव वाचतो, डायलिसिसने मूत्रपिंडे सावरतात, रुग्ण 'मेडिकल'मधून, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, घरी जातो, आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, थकवा, वजनातील बदल, दाढी विरळ होणे, पाळी थांबणे, सोडियम घसरणे अशा तक्रारी घेऊन दुसऱ्याच डॉक्टरांकडे जातो. तिथे सर्पदंशाचा उल्लेख कोणी करत नाही, कारण त्याचा याच्याशी संबंध असेल असे कोणाला वाटत नाही. शेतकरी कुटुंबातील अशा रुग्णाचा ग्रोथ हॉर्मोनचा रिपोर्ट माझ्याकडे आला, तर मी आकडा पाहण्याआधी साप कधी चावला होता का, हे विचारते.

अशी पार्श्वभूमी असेल तर निदान कसे करतात? आयजीएफ-१ खाली आणि पिट्युटरीची आणखी तीन किंवा अधिक संप्रेरकेही खाली असतील, तर ग्रोथ हॉर्मोनची कमतरता धरून चालतात. वेगळी उद्दीपन चाचणी लागत नाही. अन्यथा ती लागते, आणि आयजीएफ-१ योग्य आहे एवढ्यावरून कमतरता नाही असेही म्हणता येत नाही. उद्दीपन चाचणी म्हणजे पिट्युटरीला मुद्दाम डिवचून ती किती ग्रोथ हॉर्मोन सोडते ते पाहणे. जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी चाचणी इन्शुलिनची: शिरेतून इन्शुलिन देऊन साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली नेतात आणि त्या ताणाला पिट्युटरी कसा प्रतिसाद देते ते मोजतात. डॉक्टर खाटेशेजारी हजर असल्याशिवाय ती होत नाही, आणि हृदयविकार किंवा फिटचा आजार असलेल्यांना ती वर्ज्य आहे. ग्लुकॅगॉनची चाचणी अधिक सुरक्षित पण लांबलचक. इंजेक्शननंतर तीन ते चार तास दर अर्ध्या तासाला नमुने घेतात आणि मळमळ बऱ्याच जणांना होते. तोंडावाटे द्यायच्या मॅसिमोरेलिन या औषधाच्या चाचणीला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांसाठी वापरली जाणारी क्लोनिडिनची चाचणी प्रौढांमध्ये भरवशाची नाही, तरी ती करून आणलेले रिपोर्ट मी पाहिलेले आहेत.

या रिपोर्टांत पाहायचा तो सर्वांत मोठा आकडा, म्हणजे ग्लुकोजच्या चाचणीच्या बरोबर उलट. इन्शुलिनच्या चाचणीत ३ ते ५ नॅनोग्रॅमच्या आसपासची रेषा वेगवेगळ्या तज्ज्ञसंस्थांनी धरलेली आहे, ग्लुकॅगॉनसाठी ती ३, आणि लठ्ठ रुग्णासाठी १ पर्यंत खाली आणतात, मॅसिमोरेलिनसाठी २.८. लठ्ठपणाचा उल्लेख इथे सहज केलेला नाही. वजन खूप असलेल्या निरोगी माणसाचा प्रतिसादही मंद असतो, म्हणून बीएमआय न पाहता एकच रेषा लावली तर ज्याला वजन उतरवण्याची गरज आहे त्याच्या माथी पिट्युटरीचा आजार मारला जाईल. चाचणीच्या कागदावर उंची आणि वजन लिहिलेले नसेल, तर ते आधी लिहून घ्यावे.

पिट्युटरी दुखावलेली असल्याची शंका असेल तर ग्रोथ हॉर्मोनपेक्षा कॉर्टिसॉल आणि थायरॉइड यांची तपासणी आधी व्हायला हवी, हे मी प्रत्येकाला सांगते. ग्रोथ हॉर्मोन कमी असल्याने माणूस आज-उद्या दगावत नाही. कॉर्टिसॉल नसलेला माणूस साध्या तापाने किंवा जुलाबाने दगावू शकतो. शिवाय ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने सुरू केल्यावर लपून राहिलेली कॉर्टिसॉलची आणि थायरॉइडची कमतरता उघडी पडू शकते, म्हणून त्यांचा हिशेब आधी लावतात.

जिममधल्या इंजेक्शनांविषयी थोडक्यात. १९९० साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात साठी ओलांडलेल्या बारा पुरुषांना सहा महिने ग्रोथ हॉर्मोन दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली, आणि त्या बारा माणसांच्या खांद्यावर 'तारुण्य परत आणणाऱ्या' इंजेक्शनांचा बाजार उभा राहिला. अंगावर सूज, सांधेदुखी, तळहाताच्या मुंग्या आणि चढणारी साखर हे दुष्परिणाम त्या बाजारात सांगितले जात नाहीत. वहिनींच्या भाच्याला त्याच्या ट्रेनरने याच आकड्याच्या आधारावर इंजेक्शन घ्यायला सुचवले होते. मी त्याला आयजीएफ-१ करायला सांगितले. तो वयाच्या मानाने मध्यावर आला. बी-१२ मात्र तळाला होते.

रिपोर्टाच्या काही तांत्रिक बाबी अशा की त्या माहीत असल्या तर बराच गोंधळ टळतो. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही दोन्ही एककं एकच आकडा देतात, तिथे गुणाकार-भागाकार करू नये. काही ठिकाणी मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति लिटर हे एकक वापरतात आणि सध्याच्या जागतिक प्रमाणानुसार १ मायक्रोग्रॅम म्हणजे ३ मिली-युनिट, त्यामुळे ९ मिली-युनिट पाहून धसका घेण्याआधी एकक वाचावे. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही यंत्रांवरील मोजणी बिघडवतात. त्या काही दिवस आधी थांबवाव्यात आणि घेत असल्याचे लॅबला सांगावे. नमुना दुसऱ्या शहरात पाठवला जाणार असेल तर सीरम वेगळे करून थंडच गेले पाहिजे, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना डिलिव्हरीच्या पेटीत बर्फ आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पुढच्या वेळची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करावी, कारण आयजीएफ-१चे दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे शेजारी ठेवून 'वाढला' किंवा 'उतरला' म्हणता येत नाही.

उपचारानंतरच्या रिपोर्टांचे वाचनही वेगळे असते. ॲक्रोमेगॅलीची गाठ नाकाच्या मार्गाने काढल्यानंतर ग्रोथ हॉर्मोन लगेच खाली येते, पण आयजीएफ-१ सावकाश उतरतो, म्हणून त्याची खरी तपासणी साधारण बारा आठवड्यांनी करतात. दोन आठवड्यांनी आलेला चढा आकडा पाहून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. पेगव्हिसोमंट हे औषध ग्रोथ हॉर्मोनचे काम रोखते, त्याची निर्मिती नाही, त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन वाढलेलेच दिसणार आणि लक्ष फक्त आयजीएफ-१कडे ठेवायचे असते. कमतरतेसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांचा डोसही आयजीएफ-१ पाहूनच ठरवतात. सुरुवातीला एक-दोन महिन्यांच्या अंतराने, आणि डोस स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. त्यांना ग्रोथ हॉर्मोनचा नमुना द्यायला कोणी सांगितले, तर तो कशासाठी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.